छेदात ‘क्ष’ आला की

गळीत हंगाम आणि दहावीचा अभ्यास आमच्या भवानीनगरात एकाच वेळी रंगात येतात. दिवाळी झाली की श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याची चिमणी धूर सोडू लागते, बारामती-इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात आणि त्याच सुमारास पालक शाळेत येऊन एक ठरलेली तक्रार सांगू लागतात. ‘पोराला बाकी सगळं येतंय, पण बीजगणितात अपूर्णांक आला की पेन खाली ठेवतंय.’ तक्रार करणारे कुणी कारखान्यात फिटर असतात, कुणाचे गॅरेज असते, कुणी आठवडे बाजारात बांगड्या विकतात. तांबोळी, मुलाणी, आतार, शेख, किंवा शेजारची माळी, मराठा, धनगर घरे. तक्रार सगळ्यांची एकच.

ती खरी आहे. अपूर्णांक पाचवी-सहावीत येतो आणि पुष्कळ मुलांना तो अर्धवटच कळतो. अक्षर, म्हणजे चल, पुढे येते आणि तेही अर्धवट कळते. आठवीत एका चलातील समीकरणे सुरू झाली की हे दोघे एकाच ओळीत भेटतात. दोन अर्ध्यांची बेरीज इथे एक होत नाही, शून्य होते. पुढे दहावीत दोन चलांतील समीकरणे आणि वर्गसमीकरणे येतात, त्यात चल थेट रेषेच्या खाली जाऊन बसतो, आणि मग मूल म्हणते, ‘हे गणित ऑप्शनला टाकू.’

आपल्या घरांत याला आणखी एक पदर असतो. सोलापूर किंवा पुण्याकडे उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी लग्न होऊन इकडे येते. तिचे मूल मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत जाते. मूल विचारते, ‘अम्मी, छेद मतलब क्या?’ आणि अम्मी म्हणते, ‘मुझे नहीं आता बेटा, अब्बा आने दे.’ वास्तविक अम्मीला येत असते. तिला शब्द वेगळा माहीत असतो. तिने ज्याला कसर म्हटले तो अपूर्णांक, शुमारकुनिंदा म्हणजे अंश, नसबनुमा म्हणजे छेद, मुतगय्यर म्हणजे चल, मुसावात म्हणजे समीकरण. लसाविला तिच्या पुस्तकात जुअज़ाफ़-ए-अक़ल म्हटले होते, आणि तो शब्द पाठ करताना तिने नक्कीच घर डोक्यावर घेतले असेल. हे पाच-सहा शब्द वहीच्या मागच्या पानावर समोरासमोर लिहून ठेवा. इयत्ता सातवी-आठवी पास झालेल्या कितीतरी मातांना त्या एका पानानंतर मुलाशेजारी बसता येते, हे आम्ही पाहिले आहे.

त्यातही नसबनुमा हा शब्द आम्हाला फार आवडतो. नसब म्हणजे कुळ, वंश. नुमा म्हणजे दाखवणारा. शुमारकुनिंदा म्हणजे मोजणारा. ३/४ मध्ये खालचा ४ सांगतो की हे तुकडे ‘चौथ्यां’च्या कुळातले आहेत, वरचा ३ सांगतो की असे तुकडे तीन आहेत. मराठी ‘छेद’ हा शब्दही कमी नाही. भाकरीचे किती छेद केले, ते तो सांगतो. एवढे ध्यानात घेतले तर १/३ + १/४ = २/७ ही वहीतली सर्वांत प्रसिद्ध चूक होत नाही. तिसऱ्यांच्या कुळातला एक आणि चौथ्यांच्या कुळातला एक मिळून सातव्यांच्या कुळातले दोन कसे होतील? आधी दोघांचे कूळ एक करावे लागते: ४/१२ आणि ३/१२, मिळून ७/१२.

आता समीकरणाकडे येऊ. (पुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षर असते, आम्ही इथे जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष लिहीत आहोत.)

क्ष/३ + क्ष/४ = १४

इथे कूळ एक करत बसण्याची गरज नाही. समीकरण म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला जुना तराजू. दोन्ही पारड्यांत सारखे वजन आहे. दोन्ही पारड्यांतला माल १२ पट केला तरी काटा मधेच राहील. ३ आणि ४ यांचा लसावि १२ म्हणून १२ पट. डावीकडे ४क्ष + ३क्ष, उजवीकडे १६८. म्हणजे ७क्ष = १६८ आणि क्ष = २४. पडताळा: २४ चा तिसरा हिस्सा ८, चौथा हिस्सा ६, मिळून १४.

छेद गेला, पण तो कुठे गेला हे मुलाला कळले पाहिजे. बहुतेक मुलांना वाटते की छेद ‘उडवायचा’ असतो. मग नुसते ‘क्ष/३ + क्ष/४ ला सोपे रूप द्या’ असा प्रश्न आला तरी ते १२ ने गुणून ७क्ष लिहून मोकळे होतात. तिथे तराजूच नाही, एकच पारडे आहे. एकाच पारड्यातला माल बारा पट केला तर तो बारा पटच होणार! बरोबर चिन्ह असेल तरच छेद काढता येतो, नसेल तर तो सांभाळावा लागतो. वर्षभरात आम्ही ही एक गोष्ट किमान पन्नास वेळा सांगतो.

दुसरी अडचण वाटपातल्या अन्यायाची. क्ष/३ + २ = क्ष/२ हे घ्या. लसावि ६. मूल लिहिते २क्ष + २ = ३क्ष, आणि उत्तर काढते २. मधला २ बिचारा सुटा होता, त्याला छेद नव्हता, म्हणून त्याला कुणी ६ ने गुणलेच नाही. दावतीत सगळ्यांना वाढले आणि कोपऱ्यातल्या पाहुण्याला विसरले, तसे हे. बरोबर ओळ २क्ष + १२ = ३क्ष, म्हणून क्ष = १२. घालून पाहा: १२ चा तिसरा हिस्सा ४, त्यात २ मिळवले ६, १२ चा निम्मा ६.

तिसरी अडचण वजा चिन्हाची, आणि हुशार मुलेही इथेच घसरतात.

क्ष/२ − (क्ष − ३)/५ = ३

१० ने गुणल्यावर ५क्ष − २(क्ष − ३) = ३० असे यायला हवे. कंस विसरला की −६ येते, कंस ठेवला की +६. पहिल्याने उत्तर १२ निघते, दुसऱ्याने ८. खरे ८: त्याचा निम्मा ४, आणि (८ − ३) चा पाचवा हिस्सा १, चारातून एक गेला की ३. अपूर्णांकाची आडवी रेघ हा एक न दिसणारा कंस आहे, तिच्या डोक्यावर जे काही आहे ते एक कुटुंब म्हणून चालते. छेद काढताना रेघ जाते, म्हणून कंस स्वतः घालावा लागतो. गंमत म्हणजे अंश वर आणि छेद खाली ही मांडणी आपल्या इकडची, भारतीय. पण त्यात रेघ नसे. मधली रेघ दिली ती अरबी गणितज्ञांनी. बाराव्या शतकातल्या मगरिबचे, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले, अल-हस्सार यांच्या पुस्तकात ती दिसते. मुलाच्या वहीतला एकेक अपूर्णांक असा दोन घरांचा आहे.

अल्जिब्रा हे नाव तर सरळ अरबीच. बगदादमध्ये खलीफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या काळात मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी जबर आणि मुकाबला यांच्या हिशेबावर एक पुस्तक लिहिले. जबर म्हणजे मोडलेले, उणे पडलेले भरून काढणे. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर आणून कापणे. वुजूचे मसाइल ज्यांनी वाचले आहेत त्यांना मोडलेल्या हाडावरची पट्टी, जबीरा, आठवेल. तिच्यावर मसह करतात ना, तोच हा शब्द. हाड बसवणारा जे शरीराला करतो ते ख्वारिज्मींनी समीकरणाला केले. त्यांच्यापाशी क्ष नव्हता, अधिक-उण्याची चिन्हे नव्हती. अज्ञात राशीला ते ‘शै’ म्हणजे ‘वस्तू’ म्हणत आणि सगळे गणित वाक्यांत लिहीत.

शाळेच्या पुस्तकात ख्वारिज्मींचे नाव कुठे कुठे येते, पण एक गोष्ट येत नाही. त्यांच्या ग्रंथाचा फार मोठा भाग वसीयत आणि विरासतीच्या हिशेबाचा आहे. हिसाब हा मदरशात एवढ्या बारकाईने शिकवला गेला त्याचे एक मोठे कारण हेच: मय्यतीचा माल वाटायचा, आणि हिस्से निम्मा, पाव, आठवा, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश, सहावा असे अपूर्णांकांतच ठरलेले. वसीयत आली की गणित गुंतते. ग्रंथातले एक उदाहरण आम्ही आठवीच्या वर्गात आवर्जून घेतो, मुस्लिम असोत-नसोत सगळी मुले त्यात रमतात.

एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. तिने एका परक्या माणसासाठी मालाच्या आठव्या आणि सातव्या हिश्श्याची वसीयत केली आहे. कुणाला किती?

एकूण माल क्ष धरू. परक्याला क्ष/८ + क्ष/७. लसावि ५६, म्हणून १५क्ष/५६. (वसीयत एक-तृतीयांशाच्या आत हवी, १५/५६ त्याहून कमी आहे, म्हणजे चालेल.) उरले ४१क्ष/५६. मुले असल्यामुळे नवऱ्याचा हिस्सा उरलेल्याच्या पाव. बाकी तीन-चतुर्थांश मुलाला दोन भाग आणि प्रत्येक मुलीला एक भाग, असे पाच भागांत. म्हणजे प्रत्येक मुलीला उरलेल्याचे ३/२०, मुलाला ६/२०. सगळे पूर्ण संख्येत, तुकडे न करता वाटायचे असेल तर क्ष किती हवा? ५६ गुणिले २०, म्हणजे ११२०. परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६, तिन्ही मुलींना प्रत्येकी १२३. बेरीज करा: ३०० + २०५ + २४६ + ३६९ = ११२०. एक दाणाही इकडचा तिकडे नाही.

छेद काढायला लसावि का घ्यायचा, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला सापडलेले नाही. असा एक आकडा शोधायचा की ज्यात प्रत्येक वारसाचा वाटा सबंध येईल. आणि जाता जाता बोलतो, राग मानू नये: आपल्या घरांत मुलीचा आणि बहिणीचा वाटा तोंडी सगळ्यांना पाठ असतो, कागदावर तो चटकन निघतोही, प्रत्यक्षात द्यायची वेळ आली की मात्र गणित कुणालाच येत नाही.

आता बगदादहून आपल्या सह्याद्रीकडे येऊ, कारण अपूर्णांकांच्या समीकरणांचा दुसरा मोठा उस्ताद इकडचा. भास्कराचार्य यांचा जन्म १११४ चा. त्यांनी स्वतःचे गाव सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड म्हणून सांगितले आहे. ते आजचे कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तसा शिलालेख तिथे आहे, साल १२०७. मठ नातवाने आजोबांच्या पुस्तकांसाठी काढावा, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला मोठी वाटते.

त्यांच्या ‘लीलावती’त भुंग्यांचे एक गणित आहे. थव्यातला पाचवा भाग एका झाडावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा मागे राहिला. थव्यात किती? आपल्या भाषेत क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष. १५ ने गुणा: ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष. उत्तर १५. भास्कराचार्यांची अशा गणिताची रीत वेगळी आणि तोंडी करायला सोपी आहे: आधी मनाने एक संख्या धरा, तिच्यावर सगळे करून पाहा, जेवढे उरेल त्याच्याशी प्रमाण लावा. आपल्या वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांना शाळा नसताना हीच रीत येत असे. मात्र मोठ्या गणितासाठी अज्ञाताला नाव हवे. त्यासाठी त्यांच्या ‘बीजगणिता’त यावत्-तावत् आणि पुढच्या अज्ञातांना काळा, निळा अशी रंगांची नावे आहेत. ख्वारिज्मींची ‘वस्तू’ आणि इकडचे रंग, दोन्ही म्हणजे आपला क्ष.

पुढची गोष्ट तर बीबी का मकबरा पाहायला गेलेल्या प्रत्येक घराने मुलांना सांगावी. अकबराच्या हुकुमावरून फैजी यांनी १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्ला रश्दी यांनी ‘बीजगणित’ फारसीत आणून शाहजहानला नजर केले. हे अताउल्ला म्हणजे ताजमहालाचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. आणि मकबऱ्याच्या दरवाजावरच्या लेखात जी नावे कोरली आहेत त्यांत वास्तुकार म्हणून अताउल्ला यांचे, तर अभियंता म्हणून हंसपतराय यांचे नाव आहे. पाटणपासून कन्नडचा घाट चढून गेले की तो मकबरा काही फार लांब नाही. ज्या डोंगराच्या एका अंगाला भास्कराचार्यांचे बीजगणित शिकवण्यासाठी मठ उभा राहिला, त्याच्या दुसऱ्या अंगाला ते बीजगणित फारसीत नेणाऱ्या माणसाने घुमट उभा केला.

आता खऱ्या अडचणीकडे. इथपर्यंतच्या सगळ्या समीकरणांत अक्षर वर होते, खाली आकडे होते. अक्षर खाली गेले की काय बदलते?

आमच्याकडे हंगामात बीड, जालन्याकडून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची काही मुले चार-पाच महिने आमच्या शाळांत बसतात आणि कोयता, मोळी, टन यांचा हिशेब त्यांना गावातल्या मुलांपेक्षा चांगला येतो. त्यांच्यासाठी आम्ही गणित असे घालतो: एक फड पहिली टोळी जितक्या दिवसांत तोडते, त्यापेक्षा दुसरीला ५ दिवस जास्त लागतात. दोन्ही टोळ्या एकदम लावल्या तर फड ६ दिवसांत होतो. एकेकटीला किती दिवस?

पहिलीला क्ष दिवस, दुसरीला क्ष + ५. दिवसांची बेरीज करून इथे काही हाती लागत नाही. बेरीज एका दिवसाच्या कामाची करायची. क्ष दिवसांत पूर्ण फड, तर एका दिवसात फडाचा १/क्ष भाग. दिवस जितके जास्त तितके रोजचे काम कमी, म्हणून क्ष खाली जातो. तो खाली का गेला हे ज्या मुलाला कळले त्याचे निम्मे गणित झाले.

१/क्ष + १/(क्ष + ५) = १/६

लसावि ६क्ष(क्ष + ५). त्याने गुणले की ६(क्ष + ५) + ६क्ष = क्ष(क्ष + ५). उजवीकडे क्ष वर्ग आला, म्हणजे गणित वर्गसमीकरणात गेले: क्ष² − ७क्ष − ३० = ०. अवयव (क्ष − १०)(क्ष + ३) = ०. म्हणून क्ष = १० किंवा −३. उणे तीन दिवसांत कुणी ऊस तोडत नाही. पहिली टोळी १० दिवस, दुसरी १५. एका दिवसात १/१० आणि १/१५, मिळून १/६. बसले.

एक बारकावा इथे सुटू देऊ नये. −३ हे उत्तर समीकरणाला चालते; घालून पाहा, −१/३ + १/२ = १/६ येतेच. त्याला बाद केले ते फडाने, समीकरणाने नव्हे. याच्या उलट गोष्टही घडते, आणि ती जास्त फसवी असते.

क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २

दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणा. क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणजे क्ष = ३. पायऱ्या सगळ्या बरोबर, मूल खूश, खाली दुहेरी रेघ. पण ३ मूळ समीकरणात घाला. छेद ३ − ३, म्हणजे शून्य. शून्याने भागाकार होत नाही. भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव दिले आणि म्हटले की तिच्यात काही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. आजचे गणित आणखी कडक आहे, ते अशा राशीला अर्थच देत नाही. मग चूक कुठे झाली? आपण ज्या (क्ष − ३) ने दोन्ही पारडी गुणली, तोच शून्य होता. शून्याने गुणले की तराजूची कुठलीही दोन पारडी सारखी दिसतात, भरलेले पोते आणि रिकामे पोते सुद्धा. म्हणून छेदात क्ष दिसला की गुणण्याच्या आधी बाजूला लिहायचे: क्ष ३ असता कामा नये. शेवटी नेमके तेच आले तर उत्तर लिहायचे, ‘या समीकरणाला उकल नाही.’

हे लिहायला मुले फार घाबरतात. त्यांना वाटते, उत्तर नाही म्हणजे आपलेच काहीतरी चुकले. घरी गणित घेताना पालकांनी अशा वेळी ‘पुन्हा कर’ म्हणू नये. ‘छेद शून्य होतोय का बघ’ एवढेच म्हणावे. ज्यांना बीजगणिताचे ओ की ठो कळत नाही, त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो. दुसरा विचारता येण्यासारखा प्रश्न: ‘उत्तर परत आत घालून पाहिलंस का?’ अम्मीला एवढ्या दोन वाक्यांवर दहावीचे आख्खे वर्ष काढता येते.

तिरकस गुणाकाराबद्दलही बोलायला हवे, कारण शिकवण्यांमुळे तो फार बोकाळला आहे. डावीकडे एकच अपूर्णांक, उजवीकडे एकच अपूर्णांक, तेव्हा तो ठीक. पण मुले क्ष/३ + २ = क्ष/२ मध्येही तिरकस रेघा मारतात आणि मधला २ वाऱ्यावर सोडतात. आमचे मत स्पष्ट आहे: आठवीत तरी तिरकस गुणाकार शिकवूच नये. लसाविने गुणणे एकदा हाताला बसले की तिरकस गुणाकार त्याचाच एक धाकटा भाऊ आहे हे मुलाला आपोआप दिसते.

छेदातल्या अक्षराची एक गंमतही सांगतो, मोटारसायकल चालवणाऱ्या मोठ्या भावांसाठी. भवानीनगरहून बारामतीला ताशी ४० किलोमीटरने गेलात आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून परत ६० ने आलात. सरासरी वेग किती? सगळे ५० म्हणतात. अंतर ‘अ’ धरा आणि सरासरी वेग ‘व’. जाण्याचा वेळ अ/४०, येण्याचा अ/६०, एकूण २अ/व.

अ/४० + अ/६० = २अ/व

अंतर शून्य नाही, म्हणून तिन्हींना ‘अ’ ने भागता येते. १/४० + १/६० म्हणजे १/२४. तर २/व = १/२४, आणि व = ४८. पन्नास नव्हे. हळू जाताना जास्त वेळ रस्त्यावर काढला, त्याचे वजन जास्त पडले. आणि ‘अ’ उडाला याचा अर्थ बारामतीऐवजी इंदापूरला गेलात तरी उत्तर हेच.

शेवटी घरी बसून करायला एक गणित. एक गृहस्थ वारले. कफन-दफनचा खर्च आणि कर्ज फेडून जी रक्कम राहिली तिच्यातून आधी पाचव्या हिश्श्याची वसीयत दिली गेली. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली; आई-वडील हयात नाहीत. वसीयत गेल्यावर जे उरले त्याचा आठवा हिस्सा पत्नीला, बाकीचे मुलाला दोन भाग आणि प्रत्येक मुलीला एक भाग असे वाटले. एका मुलीच्या हाती २,१०,००० रुपये आले. वसीयत देण्याआधी रक्कम किती होती, आणि बाकी प्रत्येकाला किती मिळाले? समीकरण घरातल्या आठवीच्या मुलीला मांडू द्या. उत्तर आम्ही छापत नाही. सगळ्यांचे वाटे आणि वसीयत यांची बेरीज क्ष एवढी आली की ते बरोबर आहे.